एक पान, दोन चमचे

आई गेली आणि मागे तिची खिडकीभर आफ्रिकन व्हायोलेटची झाडं राहिली. वीतभरही उंची नाही, पण नखरे राजकन्येचे. आजारपणात तिचं सगळं मी एकटीने केलं होतं. खोली आवरताना कुंड्या उचलून गॅलरीत ठेवल्या आणि उन्हात झाडं करपून गेली. धाकटी बहीण आई गेल्यावरच राहायला आली होती. कुंड्या बघून म्हणाली, "आईची झाडंसुद्धा तुला जगवता आली नाहीत."

तिला काय म्हणायचं होतं, ते मला बरोबर कळलं. त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप घातलं. ती माझीच बहीण, तिनेही घातलं.

एकच पान वाचलं होतं. मी ते देठासकट मातीत खोचून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. रुजलं तर आईचं झाड परत येणार होतं. नाही रुजलं तर धाकटीचं म्हणणं खरं.

रोज सकाळी मी मोजून चमचाभर पाणी घालायचे. तरी पानाने मान टाकली. आणि एका दुपारी पाहते तर काय, धाकटी पानापाशी उभी, हातात चमचा!

"काय करतेयस?"

"पाणी घालतेय. तू तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीस."

"अगं, मी रोज सकाळी घालते!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मी रोज दुपारी घालते."

मातीचा चिखल झाला होता. पान उपसलं तर देठ काळा, बुळबुळीत. सडलेला भाग कापून टाकायला मी ब्लेड आणलं आणि तिच्यापुढे धरलं.

"तूच काप," मी म्हणाले. "माझ्या हातून काही जगत नाही." टोमणाच मारायचा होता, पण तो मलाच लागला.

"नाही. तू काप. मी धरते."

पहिला काप घेतला. आत तपकिरी. आणखी वर कापलं, तिथेही तपकिरीच. देठ संपला.

"अजून कापलंस तर उरेल काय?" ती कुजबुजली.

"नाही कापलं तर सगळंच सडेल."

पानाच्या बुडाशी, मधल्या शिरेवर मी ब्लेड टेकवलं आणि श्वास रोखून दाबलं.

हिरवं. स्वच्छ हिरवं.

"ताई, त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"हलू नकोस, पान पडेल!" मी खेकसले आणि रडायला लागले. तीही रडत होती, पण पान तिने सोडलं नाही.

जेमतेम ओलसर, नव्या मातीत आम्ही ते खोचलं आणि ओलावा टिकावा म्हणून वर काचेचा ग्लास पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी मी आंघोळीला गेले, तर दारावर थाप. "ताई, मी पाणी घातलेलं नाही!"

"मीपण नाही! आणि आज घालायचंही नाही!"

"जगेल ना गं?"

आईच्या आजारपणात ती फोनवर रोज हेच विचारायची आणि मी रोज 'हो' म्हणायचे. मी नळ बंद केला.

"माहीत नाही," मी म्हणाले. "पण या वेळी तू इथे आहेस."