शेंदूर लावलेली हातकुऱ्हाड

धाकूला नोकरी लागली ती दगड राखायची. गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि तेव्हापासून मुलुंडच्या डोंगराआड, तलावाकाठच्या कोंडेवाडीत तो बायकोच्या, रुक्मिणीच्या, शिवणकामावर बसून खात होता. त्याची त्याला लाज वाटे. त्यामुळे पुण्याच्या क्षमाबाईंनी आदिमानवाच्या खुणा शोधायला वाडीजवळ खणायला घेतलं आणि रखवालदार शोधू लागल्या, तेव्हा तो म्हणाला, दगड तर दगड.

शनिवारी बाईंनी खड्ड्यात अर्धवट रुतलेला एक टोकदार दगड दाखवला. "ही हातकुऱ्हाड. माणसाला घर बांधता येत नव्हतं तेव्हाची. सोमवारी फोटो काढून मगच उचलायची. तोवर जरा जरी हलली, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

रविवारी घाटकोपरहून सहलीचा टेम्पो आला. कोंबडी होती, पातेलं होतं, फक्त चुलीला दगड हवे होते. एक गडी सरळ खड्ड्यात उतरला.

"ए, हात लावू नको! लाखो वर्षांपूर्वीची आहे ती!" धाकू ओरडला.

"मग आता कुणाला लागतेय? दगडच आहे ना यार!"

त्याने घरच्या चुलीच्या विटा आणून दिल्या तेव्हा कुठे तो गडी वर आला. पण मागून दुसरा टेम्पो वळत होता, आणि धाकूच्या घरात चूल एकच होती. मग त्याने डोकं चालवलं. देव्हाऱ्यातला शेंदूर तेलात कालवला.

"खुळावलास काय रे? दगडाक शेंदूर?" रुक्मिणी म्हणाली.

"आत्ताच शाणो झालंय."

उपाय असा झकास लागू पडला की दुसऱ्या टेम्पोतली माणसं खड्ड्याच्या काठावर चपला काढून उभी राहिली. संध्याकाळी अगरबत्त्या आल्या. सोमवारी सकाळी क्षमाबाई जीपमधून उतरल्या तेव्हा त्यांच्या खड्ड्यात रांग होती आणि रांगेत पहिली रुक्मिणी, हार घेऊन. शेंदूर कुणाच्या डब्यातला ते तिला ठाऊक होतं, पण सगळे पाया पडत असताना आपणच मागे कसं राहायचं?

"हे काय केलंत?" बाई किंचाळल्या.

"तसूभर हलली नाही बाई. मोजून घ्या," धाकू म्हणाला.

हे मात्र खरं होतं. बाईंनी दात-ओठ खात फोटो काढले आणि खणणाऱ्या बाळा नावाच्या गड्याला म्हटलं, "उचल."

"मी नाय. घरात पोरंबाळं हायत."

दुसरा कुणी पुढे येईना. बाई स्वतः वाकल्या. हात दगडापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. शिकलेल्या असल्या तरी त्यांच्याही घरात देव्हारा होताच. "धाकू, तुम्ही घाण केलीत, तुम्हीच निस्तरा. आणि मग घरी जा, कायमचे."

धाकूचा चेहरा पडला. पुन्हा तीच दुपार, तेच शिवणयंत्राचं घरघरणं. त्याने नारळ हातात घेतला. "गाऱ्हाणा घालूक लागतला, देवाक विनवणी. आणि बाई, सगळ्यांनी व्हय म्हणायला हवं. एक जरी गप राहिला तरी देव उठत नाही."

बाईंनी घड्याळाकडे बघत मान हलवली.

"बा देवा म्हाराजा! आज तुका पुण्याक जाऊचा हा, तर रागावू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी गरजली. बाई पुटपुटल्या.

"वाटेत जीप बंद पडू देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी बाईंचा आवाज चांगला खणखणीत लागला. येताना घाटात जीप दोनदा बंद पडली होती.

"आणि तुका राखणाऱ्या ह्या धाकूची नोकरी, खणण्याचा काम संपापर्यंत कायम ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज बाईंचाच होता. तो तोंडातून निघून गेल्यावर आपण कशाला होकार दिला ते त्यांच्या ध्यानात आलं. रुक्मिणीने तोंडाला पदर लावला.

धाकूने नारळ फोडला, हातकुऱ्हाड अलगद उचलून बाईंच्या ओंजळीत ठेवली. जीपमध्ये बसल्यावर काहीतरी बोलायला बाईंनी तोंड उघडलं, मग मांडीवरच्या हातकुऱ्हाडीच्या शेंदराकडे बघितलं.

"उद्या वेळेवर या," त्या म्हणाल्या.