भोंगासिस्टर

“काय महाराणी, आजही नकोच का? चमचा तोंडाशी आला की ओठ गच्च! तुझी मनधरणी करायला इथे पाच जणी ठेवल्यात का? गीळ म्हणते ना. गीळ!”

महाराणींनी डोळे किलकिले केले, तोंड उघडलं आणि चमचाभर दूध मुकाट्याने गिळलं. मग दुसरा चमचा, मग तिसरा.

काचा पुसणारी मावशी मास्कच्या आत हसली. “तुम्ही खेकसलात की कशी गपगुमान पिते बघा. मी एवढी लाडीगोडी लावते, तर माझ्या अंगावर फुर्रकन उडवते.”

“लाडीगोडी लावतेस म्हणूनच डोक्यावर बसलीय. आणि तू काच पूस, इकडे काय बघतेस? कालचे बोटांचे ठसे आहेत तसेच आहेत.”

दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांची ही खोली. इथे सगळे कुजबुजत बोलायचे. डॉक्टरीणबाई तर अशा हळू बोलायच्या की औषध कोणतं द्यायचं ते दोनदा विचारावं लागे. दारावर ठळक अक्षरांत पाटी होती : ‘शांतता राखा’. ती पाटी लावली त्या दिवसापासून सिस्टरनी एकदाही पाळली नव्हती. दोन मास्क आणि वर प्लॅस्टिकचा पडदा लावूनही त्यांचा आवाज जिन्यापर्यंत जायचा. सगळं हॉस्पिटल त्यांना मागे ‘भोंगा’ म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा लिफ्टमध्ये कुणीतरी पुटपुटलं, “चला, भोंगा आला.” त्यावर सिस्टर म्हणाल्या, “आलाय, आणि ऐकायलाही येतं त्याला.”

पण गेल्या काही महिन्यांत त्या जशा भडकल्या होत्या, तशा तीस वर्षांच्या नोकरीत भडकल्या नव्हत्या. भडकू नये तर काय करावं माणसाने? सकाळी कागद यायचा, आईला लागण झाली असेल तर बाळ लांब ठेवा. संध्याकाळी दुसरा कागद, मास्क लावून आईजवळ द्या. दुसऱ्या दिवशी तिसराच, आधीचे दोन्ही रद्द. तापाने फणफणलेल्या गरोदर बायकांना दारोदार फिरवून, सगळीकडून नकार मिळाल्यावर इथे आणायचे, तेव्हा त्यांचा श्वास नुसता वरवर चाललेला असायचा. दोन जिवांपुरता दम नाही म्हणून पोटातलं बाळ आधीच बाहेर काढायचं. आई वरच्या मजल्यावर यंत्रावर, बाळ इथे पेटीत. मधे दोन जिने. त्यांतल्या दोघी आया ते दोन जिने कधी उतरल्याच नाहीत. त्यांची बाळं आजोळी गेली, आणि त्या दोन्ही दिवशी सिस्टरनी दिसेल त्याला झापलं. स्टोअरवाल्याला, लिफ्टवाल्याला, भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा. रडून परवडत नव्हतं. मास्क भिजला की नवा मागावा लागे, आणि स्टोअरवाला मास्क असा द्यायचा, जणू स्वतःचं शेत लिहून देतोय.

महाराणी अशीच आली होती. सातव्या महिन्यात. वजन किलोपेक्षा थोडंसंच जास्त, कातडी पातळ, आणि श्वास घ्यायचं मधेच विसरून जायची खोड. अशी बाळं विसरतात. तळपायाला टिचकी मारायची, की आठवतं त्यांना. पहिल्याच आठवड्यात ती एकदा अशी विसरली, तेव्हा सिस्टरनी टिचकी मारता मारता आवाज चढवला होता, “अगं ए! श्वास कोण घेणार, तुझा बाप?” आणि छाती लागलीच वर आली होती. तेव्हापासून दोघींचं हे असंच जमलं होतं. सिस्टरनी बोल लावायचे आणि महाराणींनी जगायचं.

घरी मात्र याच आवाजाची पंचाईत होती. साथ सुरू झाली तेव्हा सुनेला दिवस गेले होते, म्हणून सिस्टर आपली बॅग घेऊन हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत राहायला आल्या. नात झाली ती फोनवरच पाहिली. सिस्टरनी “काय गं बाळ!” एवढंच म्हटलं, की ती जी टाहो फोडायची! मुलगा म्हणायचा, “आई, हळू बोल ना, घाबरते ती.” “मी हळूच बोलतेय!” सिस्टर ओरडायच्या. मग सून हळूच फोन बंद करायची. हल्ली सिस्टर फोन करायचंच टाळत होत्या.

महाराणीची आई बस स्टँडवर काम करायची. गाड्यांची घोषणा करायची. हे तिच्या नवऱ्याने काचेपलीकडून सांगितलं होतं. हा फ्रीज दुरुस्त करायचा. रोज येऊन काचेला नाक लावून उभा राहायचा, आणि त्याच्या नाकाचा ठसा पुसून मावशी वैतागायची. “दिवसभर माईकवर असायची हो ती,” तो म्हणाला होता. “पोटात बाळाने दुसरं काही ऐकलंच नसेल. एवढा गोड आवाज, लोक गाडी सोडून खिडकीत डोकवायचे.”

ती आई वाचली. शुद्धीवर आली तेव्हा पोट सपाट होतं. हातानेच तिने विचारलं, कुठेय? बोलता येत नव्हतं, कारण घशात नळी होती. नळी निघाली आणि आवाज आला तो फाटक्या पिशवीतून वारा जावा तसा. सुधारेल, डॉक्टर म्हणाले. पहिल्यासारखा होईल का, यावर मात्र ते काही बोलले नाहीत.

आता तिचा रिपोर्ट चांगला आला होता, बाळानेही वजन धरलं होतं. डॉक्टरीणबाईंनी एकच अट घातली होती. “बाळाने आईच्या हातून पोटभर दूध प्यायलं पाहिजे, तरच घरी. घरी भरवणार तीच आहे.” अंगावरचं दूध तर आजारात आटूनच गेलं होतं, तेव्हा वाटी-चमचा हाच काय तो आधार. परवा आई बसली, बाळाने थेंब घेतला नाही. काल बसली, बाळ रडून रडून लालबुंद झालं. काल जाताना आई मावशीला म्हणाली होती, “तिला मी कुणीच वाटत नाही.” मावशीने ते सिस्टरना सांगितलं आणि सिस्टर म्हणाल्या, “भरवायचं सोडून भलते विचार करत बसते!” पण रात्री जेवण काही त्यांना नीट गेलं नाही.

आज तिसरा दिवस. आई चाकाच्या खुर्चीतून आली. हडकुळी झाली होती, केस कापलेले, मास्कच्या वर फक्त मोठे डोळे. मावशीने महाराणीला तिच्या मांडीवर दिलं.

“ये गं सोने,” आई म्हणाली. म्हणजे तसं म्हणाली असावी. बाहेर आली ती नुसती खरखर.

महाराणीने पाठीची कमान केली आणि भोकाड पसरलं.

“अगं मान वर घे तिची!” सिस्टर पुढे सरसावल्या. “अशी नाही, अशी! चमचा ओठाला टेकव नुसता. ओतू नकोस, ठसका लागेल. हात कापतोय का? कापू दे, दूध सांडलं तर सांडलं. आणि तू गं महाराणी, आई आलीय तुझी, जरा शहाण्यासारखी वाग की!”

रडणं थांबलं. महाराणीने मान आईकडून वळवली, सिस्टरांच्या आवाजाकडे. तोंड उघडलं. आईने चमचा लावला आणि तो रिकामा झाला.

“हं, असं! आणखी एक. गीळ. गीळ म्हणते ना!”

चमच्यामागून चमचा जायला लागला. महाराणी सिस्टरांच्या दिशेला डोळे लावून पीत होती. मावशीने आनंदाने हातातलं फडकं हलवलं. दारात डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनीही मान डोलावली. वाटी अर्धी संपली. सिस्टर रंगात आल्या होत्या.

“बघ, उगीच कुढत होतीस काल! आता डावा हात जरा खाली घे, मग—”

आईने चमचा वाटीत ठेवला.

“सिस्टर,” ती म्हणाली, “तुम्ही आमच्या घरी राहायला येणार आहात का?”

“मी? मी कशाला?”

“मग जरा गप्प बसाल का!” एवढ्याशा आवाजात जेवढा संताप मावेल तेवढा त्यात होता. “आल्यापासून बघतेय, मी तोंड उघडलं की तुम्ही बोलताच! ती माझ्या हातून पितच नाहीये. तुमच्याच हातून पितेय. मला कळतं.”

मावशीचं फडकं हवेतच थांबलं. डॉक्टरीणबाई आपल्या चपलांकडे बघायला लागल्या. तीस वर्षांत भोंग्याला कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं. मुलानेही नाही, तोही ‘हळू बोल’ म्हणायचा फक्त.

सिस्टर फिरल्या आणि बाहेर गेल्या. दार आपटायचं त्यांच्या मनात होतं, पण त्या दाराला हळू बंद होणारी स्प्रिंग होती. तेही मेलं साथ देईना.

त्या बाहेरच्या बाकावर बसल्या. डोकं नुसतं तापलं होतं. काय बाई आहे! इथे श्वास घ्यायला मी शिकवलं तिच्या पोरीला. पहिल्यांदा जांभई दिली ती मी बघितली. आणि मला गप्प बस म्हणते!

आत महाराणीने पुन्हा सूर लावला. आधी कुरकुर, मग रडणं, मग तो श्वास कोंडून धरणारा टाहो. सिस्टरांच्या पायांनी उठायची तयारी केली. त्यांनी गुडघे हातांनी दाबून धरले. त्या टाहोचा अर्थ त्यांना नेमका कळत होता. ती दुधासाठी नव्हती रडत. आवाज कुठे गेला, म्हणून रडत होती.

आणि मग राग जसा चढला होता तसा उतरला. ही बाई बरोबर बोलत होती, हेच तर डोक्यात गेलं होतं त्यांच्या. आपण आत जाऊन दोन शब्द बोलू, वाटी संपेल, दुपारी या दोघींना घरी सोडतील. आणि रात्री घरी ही पोर असाच आवाज शोधत रडेल, समोर ती फाटक्या गळ्याची आई, आणि तिला वाटेल की खरंच आपण हिचे कुणी नाही.

मावशी धावत बाहेर आली. “सिस्टर, निळी पडेल हो पोर! डॉक्टरीणबाई म्हणतात आणखी दोन मिनिटं बघू, पण तुम्ही नुसतं दारातून एकदा ओरडा ना. तुमचं ते ‘महाराणी’ म्हणा फक्त.”

सिस्टरनी तोंड उघडलं. मग बंद केलं आणि मान हलवली.

“रागावलात का?”

पुन्हा मान हलवली. मावशी घाबरली. सिस्टर काही बोलत नाहीत म्हणजे काय झालंय तिला कळेना. ती त्यांचं कपाळ चाचपायला लागली, ताप आहे की काय म्हणून. सिस्टरनी तिचा हात बाजूला केला आणि दाराकडे खूण केली. ऐक.

आत आईने आता गोंजारणं सोडलं होतं. सोने, राणी, सगळं करून झालं होतं. ती खरखर आता एका ठेक्यात येत होती, प्रत्येक शब्द सुटा, शेवटाला थोडासा हेल.

“प्रवाशांनी... कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर... उभी असलेली गाडी...”

टाहो मधेच अडखळला.

“...थोड्याच वेळात... घरी जाण्यासाठी सुटेल. गाडी विनाथांबा आहे. प्रवाशांनी... आपल्या सामानाची काळजी घ्यावी.”

हुंदका. मग शांतता. आवाज गेला होता, पण चाल तीच होती, पोटात ऐकलेली. आईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फलाट क्रमांक चार. आणि दुसऱ्यांदा ‘सामानाची काळजी’ येईपर्यंत वाटीवर चमचा वाजल्याचं सिस्टरना स्वच्छ ऐकू आलं. मावशीने पदराने डोळे टिपले. सिस्टरनी नाही टिपले. त्यांनी मास्क भिजू दिला. आज दुसरा मागायचा म्हणजे मागायचा, स्टोअरवाल्याला काय वाटायचं ते वाटो.

दुपारी निघायची वेळ झाली. फ्रीजवाला नवं दुपटं घेऊन आला होता, त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. आई आता खुर्चीतून उठून उभी राहिली होती. दुपट्यात महाराणी जागी होती.

“सिस्टर, मघाशी मी...” आई म्हणाली.

सिस्टरनी हात झटकला. सोड ते.

“एकदा घ्या ना तिला.”

सिस्टरनी घेतलं. महाराणीच्या कपाळाला आठी पडली. ती सिस्टरांच्या डोळ्यांकडे टक लावून बघत राहिली. वाट बघत होती. मास्कच्या आत सिस्टरनी ओठ दातांखाली धरले होते. एवढंसं ते ओझं, त्यांच्या हाताला पाठ झालेलं. क्षणभराने आठी ओठांपर्यंत उतरली, ओठ थरथरले, आणि सिस्टरनी तिला आईच्या हातात देऊन टाकलं. आईची खरखर सुरू झाली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे.

लिफ्ट आली. फ्रीजवाला दार धरून मागे वळला. “अहो सिस्टर, जाताना काहीतरी बोला की तिच्याशी! एरवी आम्हाला खाली गेटपर्यंत तुमचं ऐकू यायचं.”

मावशीनेही त्यांच्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं.

सिस्टरनी हात वर केला आणि दारावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.