न छापलेली दोन पानं

नवख्यांना पहिली मोहीम कोणती द्यावी, याचा वल्लरीने त्या आठवड्यात जेवढा विचार केला, तेवढा नागपूर सोडून कानडी मुलखात, बेळ्ळंदूरला यायचं ठरवतानाही केला नव्हता. खेळ तसा साधा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं होऊन आपण काय करतो ते बोलायचं, आणि अडेल तिथे फासा टाकायचा. कॉलेजात असताना वल्लरीने तो वर्षानुवर्षं चालवला होता. पण आता प्रश्न खेळाचा नव्हताच, ईराचा होता. अकरा वर्षांची तिची लेक जूनपासून शाळेच्या बसमध्ये, सोसायटीच्या बागेत, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसायची आणि घरी आली की आईच्या कुशीत शिरून दिवसभराचं साठलेलं बोलून घ्यायची. पाच महिन्यांत एक मैत्रीण नाही. आईचा जीव तुटणार नाही तर काय होणार?

म्हणून रविवारी दुपारी तिने दोघांना बोलावलं. एक केतकी, समोरच्या फ्लॅटमधली, पुण्याची. दुसरा प्रणीत, तीन पिढ्या बनशंकरीत काढलेल्या घरातला, मराठी बोलता बोलता कधी कानडीत शिरेल याचा नेम नाही.

राक्षसाची मोहीम नको, पोरं पहिल्याच फटक्यात गारद व्हायची. राजदरबाराची नको, जांभया द्यायची. शेवटी तिने ओसाड पाणचक्कीची निवडली, सुटसुटीत, तीन तासांची. अडचण एकच होती, शेवटचं तळघर. तिथे चक्कीवाल्याची मुलगी कोंडलेली होती आणि तिला बाहेर काढायला फासा नव्हता की युक्ती नव्हती. कुणीतरी एकट्याने खाली जायचं आणि ती उठेपर्यंत तिच्याजवळ गप्प बसायचं. आता पहिल्याच दिवशी पोरांना गप्प बसवलं तर खेळाचा बोऱ्या वाजलाच म्हणायचा, आणि गप्प बसणं ईराच्या वाट्याला कमी होतं थोडंच! वल्लरीने ती दोन पानं छापलीच नाहीत. नवख्यांसाठी एवढी काटछाट सगळेच करतात.

खेळ रंगला. प्रणीत प्रत्येक दाराला लाथ घालत होता, केतकी वहीत नकाशा काढत होती. ईरा मात्र मुठीत फासा धरून नुसती ऐकत होती. चक्कीच्या स्वयंपाकघरात पोचल्यावर वल्लरीची नजर नकाशावर गेली. केतकीने जमिनीखाली एक चौकोन काढला होता.

"हे काय गं?"

"तळघर. तुम्हीच सांगितलंत ना, काकू?"

"खाली कुणीतरी रडतंय म्हणालात," प्रणीत म्हणाला. "सरी, ठीक आहे, मी दार फोडतो."

वल्लरीने हातातली पानं चाळली. तिथे रडणं नव्हतं, जिनाही नव्हता. खाली काहीच नाहीये, असं सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात ईरा बोलली.

"दार नको फोडू. मी जाते. एकटीच."

परक्या मुलांसमोर, पाच महिन्यांत पहिल्यांदा! केतकीने कौतुकाने तिच्याकडे पाहिलं आणि वल्लरीने उघडलेलं तोंड मिटलं. कुठून का आलं असेना तळघर, लेक बोलली ना, मग झालं.

ईराने डोळे मिटले. बाकीच्या दोघांनी, कुणी न सांगता, फासे खाली ठेवले आणि हात मांडीवर घेऊन बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. रिंग रोडवरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. लेकीला हाक मारावी असं वल्लरीला फार वाटलं. पण जमत आलेलं मोडेल या भीतीने ती बसून राहिली.

मग ईराने डोळे उघडले. बाल्कनीतल्या उन्हाकडे ती जरा वेळ डोळे बारीक करून बघत राहिली आणि हसली.

"चला, खाली खेळू या."

तिघं उठलीच. ईरा केतकीच्या गळ्यात हात टाकून अखंड बडबडत होती, प्रणीतची थट्टा करत होती. वल्लरीला भरून आलं. गंगेत घोडं न्हालं एकदाचं, असं म्हणत डोळे पुसत ती त्यांच्यामागून दारापर्यंत गेली. ईरा चपलांच्या ढिगाकडे बघत उभी होती. केतकीने तिच्या दाखवल्या तेव्हा तिने त्या निळ्या चपला पायात सरकवल्या. मग ती वळली आणि अगदी शहाण्या मुलीसारखी म्हणाली,

"तुमच्याकडे खूप छान वाटलं, काकू. येते मी."