अनोळखी मित्राची भेटवस्तू

सुयोग एका अणुवीज केंद्रात इंजिनीअर होता. रजेवर मीरा रोडच्या घरी आला की जेवताना त्याचा एक हात ताटात आणि दुसरा मोबाईलवर. युनिफॉर्ममधले फोटो, ड्युटीच्या वेळा, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं तो फेसबुकवर टाकायचा.

त्या रविवारी जेवायला बसतानाच त्याच्या नावानं कुरिअर आलं. आत एक पेनड्राइव्ह. तेवढ्यात आईचा, द्वारकाबाईंचा, फोन वाजला.

“काकू, मी सुयोगचा कॉलेजचा मित्र. गुडघा कसा आहे आता? गिफ्ट पोचलं ना? कॉलेजचे फोटो आहेत त्यात. उद्यापासून नाईट आहे ना त्याची, तिथंच निवांत बघायला सांगा.”

आईनं निरोप सांगितला आणि सुयोगचा घास हातातच राहिला. ड्युटी बदलल्याचं त्यानं कालच पोस्ट केलं होतं! त्यानं त्या नंबरवर फोन लावला. बंद.

“आई, तिथले कंट्रोलचे कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेले नसतात. व्हायरसला आत शिरायचं तर कुणाच्या तरी खिशातल्या पेनड्राइव्हमधूनच. माझ्या खिशातून!”

समोरच्या बिल्डिंगची प्रत्येक खिडकी आपल्याकडेच बघतेय असं त्याला वाटलं. त्यानं भरदुपारी पडदे ओढले.

“फेकून देतो हे. ड्युटीच्या वेळा मी फेसबुकवर टाकतो हे कुणाला कळलं तर नोकरी जाईल.”

द्वारकाबाईंचा जन्म मिठागरं करणाऱ्या घरातला. समुद्राचं पाणी अडवणारे बांध खेकडे कसे पोखरतात, हे त्यांनी लहानपणीच पाहिलेलं. त्या म्हणाल्या, “बांधाला चिंबोरीनं बीळ केला, तर तुझा आजा गप बसायचा? सगल्यांना हाक मारायचा! न्हायतर भरती सगल्यांचा मीठ घेऊन जाते. नोकरी तुझी एकट्याची हाय, केंद्र सगल्यांचा हाय!”

सुयोगनं केंद्राच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना फोन लावला.

पेनड्राइव्हमध्ये घातक प्रोग्राम निघाला. तशीच भेट एका सहकाऱ्यालाही आली होती. ती गेटवरच त्याच्या बॅगेत सापडली. थोडा उशीर झाला असता तर! सुयोगची कंट्रोल रूममधून बदली झाली. त्यानं ती मुकाट्यानं स्वीकारली, सगळ्या पोस्ट पुसल्या.

फोन करणारा मात्र सापडला नाही. अजूनही अनोळखी नंबर दिसला की मायलेक एकमेकांकडे बघत राहतात.

वाचकहो, अणुवीज केंद्राच्या कुंपणावर पहारेकरी असतात. आपल्या बोटांवर पहारा मात्र आपणच ठेवायचा. आणि चूक झालीच, तर ती लपवू नका. सगळ्यांना वेळेत हाक मारा!