गुडघ्यांच्या व्हिडिओतला आवाज

ताईच्या दवाखान्यात गुडघे, कंबर, मान, जे काही आखडेल ते सोडवून मिळायचं. येणारी बहुतेक मंडळी साठी ओलांडलेली. तिच्यासमोर सगळे व्यायाम शिस्तीत करायची आणि घरी गेली की साफ विसरायची. शेवटी तिने ठरवलं की गुडघ्यांच्या व्यायामाचा एक व्हिडिओ करून पेशंटांच्या ग्रुपवर टाकून द्यायचा, म्हणजे कुणाला सबब सांगायला जागाच नको.

शूटिंग घरीच केलं. हॉलमध्ये सतरंजी अंथरली, स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या फडताळावर फोन पुस्तकांना टेकवून उभा केला आणि ती लांब भिंतीशी जाऊन पाय वर-खाली करू लागली. दुपारी लॅपटॉपवर पाहिलं, तर चित्र झकास, आवाजाच्या नावाने मात्र बोंब. तिचं "पाय वर, धरून ठेवा" विहिरीतून आल्यासारखं वाटत होतं आणि त्यावर कसलीशी पुरुषी गुणगुण चढली होती.

गुणगुण सासऱ्यांची, यात शंका नव्हती. त्या वेळी ते आत चहा करत फोनवर बोलत होते. कान जरा जड झाल्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर असायचा. सासऱ्यांनी आयुष्यभर चष्म्यांचं दुकान चालवलं होतं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांचं घरातलं बोलणं "हं", "असू दे" आणि "मीठ दे" यांच्यापुढे फारसं जात नसे. एवढा वेळ ते कुणाशी बोलत होते, असा प्रश्न ताईला पडायला हवा होता. पण ती नव्या खेळण्यात गुंग होती.

खेळणं म्हणजे नवऱ्याने लॅपटॉपवर घालून दिलेलं एडिटिंगचं साधंसं सॉफ्टवेअर. व्हिडिओच्या पट्टीवर क्लिक करून तिने "आवाज वेगळा करा" दाबलं, तशी केळ्याचं साल सुटावं तशी आवाजाची हिरवी पट्टी अलगद खाली सुटून आली. शिवाय त्या आवाजाची एक वेगळी फाइलही तयार झाली आणि व्हिडिओच्याच नावाने त्याच्या शेजारी जाऊन बसली. ताईने गंमत म्हणून हिरवी पट्टी थोडी पुढे सरकवली. आता पाय खाली गेला की "पाय वर" ऐकू यायचं. ती एकटीच खिदळत बसली.

जुना आवाज काढून टाकून नवा भरायचा, हे ठरलंच होतं. पण त्यातलं काही कामाचं निघतंय का बघावं, म्हणून तिने हेडफोन लावले, आवाज वाढवला आणि गुणगुणीचे शब्द झाले.

पलीकडे एक बाई होती. आवाज ऐकताक्षणी ताईने ओळखला. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, डाव्या गुडघ्याच्या शिट्टीबाई. हातातली शिट्टी सुटली तरी गळ्यातली गेली नव्हती. हल्ली सासरे ताईचा डबा दवाखान्यात स्वतःच पोचवायचा हट्ट का धरतात, हे तिथल्या तिथे तिच्या डोक्यात शिरलं.

"मी काय म्हणतो," सासरे म्हणत होते, "तुमच्या दारावर एक पाटी, आमच्या दारावर एक, असं किती दिवस चालायचं? दोघांची नावं एकाच दारावर लावली तर?"

त्यावर पलीकडून नुसती घरघर आली. मग शिट्टीबाईंचा आवाज. "काय म्हणालात? मिक्सर चालू होता."

कपात चमचा ढवळल्याचा आवाज आला.

"काही नाही. गुडघा कसा आहे, विचारत होतो."

ताईने हेडफोन काढले, उशीत तोंड खुपसलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मात्र तिला ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकल्यासारखंच होतं ते. तिने कानाला खडा लावला, हिरवी पट्टी पुसून टाकली आणि नवा आवाज भरायला घेतला. खोलीत घुमू नये म्हणून डोक्यावरून पांघरूण घेऊन ती "पाय वर, धरून ठेवा" म्हणू लागली. मध्येच सासरे डोकावले आणि बरं वाटत नाहीये का, असं विचारून गेले. त्यांचा चेहरा बघून तिला पुन्हा हसू फुटलं आणि तो तुकडा कापावा लागला.

संध्याकाळी व्हिडिओ तयार झाला. तिने ऐटीत तो ग्रुपवर टाकला आणि कुकर लावायला गेली.

परत येऊन बघते तो कंबरवाल्या काकांचा निरोप पहिला. "चित्र दिसत नाही, पण गोष्ट छान आहे. पुढे काय झालं?" त्याखाली मानेच्या मावशी विचारत होत्या, हा आवाज आपल्या चष्मेवाल्यांचा तर नव्हे. ताईच्या पायाखालची जमीन सरकली. एकाच नावाच्या दोन फाइलींतून तिने नेमकी आवाजाची उचलली होती. घाईघाईने तिने ती उडवली, पण तोवर अख्ख्या ग्रुपने ऐकून झालं होतं.

आता सांगणं भाग होतं. सासरे खोलीत शब्दकोडं सोडवत बसले होते.

"बाबा, माझ्या हातून मोठा घोटाळा झालाय," म्हणत तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा काढला. रागावतील म्हणून ती मान खाली घालून उभी होती.

"तिने ऐकलं का?" त्यांनी एवढंच विचारलं.

तेवढ्यात ताईचा फोन वाजला. ग्रुपवर शिट्टीबाईंनी आवाजातच निरोप धाडला होता. ताईने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, तसा तिने तो मोठ्याने लावला.

"तेव्हा मिक्सर चालू होता, आता नीट ऐकलं. माझं उत्तर हो आहे. पाटीवर माझं नाव आधी. आणि बाकीच्यांनी आपापले गुडघे सांभाळा."

सासऱ्यांनी तो निरोप पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. मग ते उठले आणि कपाट उघडून एकामागून एक शर्ट पलंगावर टाकू लागले. निळा बरा की पांढरा, असं त्यांनी सुनेला विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला कपड्यांबद्दल विचारण्याची ही पहिलीच वेळ. ती निळा म्हणाली. त्यांनी पांढरा घातला.

नवरा कामावरून आला तेव्हा ते भांग पाडून दारातच उभे होते. बाबा कुठे निघाले, असं त्याने विचारलं. ते म्हणाले, तुझी बायको सांगेल, आणि जिना उतरू लागले. ताईने सांगितलं, तसा तो एक बूट पायात, एक हातात असा मटकन खाली बसला आणि मग इतका हसला की तिलाही शेजारी बसावं लागलं.

दोघं खिडकीशी धावले. खाली सासरे रस्त्याच्या कडेने नेहमीसारखे जपून पावलं टाकत चालले होते. कोपऱ्यावर पोचल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाहीसं वाटल्यावर चक्क एक उडी मारली, आणि वळून दिसेनासे झाले.