चार मिनिटांचे कारण

मी एक जुनी रीडमी, म्हणजे 'मला वाचा' नावाची फाइल आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. पुष्कळ प्रोग्रामांच्या फोल्डरमध्ये माझ्यासारखी एक फाइल असते. प्रोग्राम काय करतो, कसा चालवायचा आणि कुठे हात लावायचा नाही, हे ती नव्या माणसाला सांगते. माझा प्रोग्राम रक्तपेढीतल्या फ्रिजांवर लक्ष ठेवतो आणि आतले तापमान वाढले की भोंगा वाजवतो. आहे की नाही जबाबदारीचे घराणे?

मला एका बाईंनी लिहिले. हा प्रोग्रामही त्यांनीच लिहिलेला. शेजारचा चहा निवून जायचा, पण माझे वाक्य मनासारखे झाल्याशिवाय त्या उठत नसत. तेव्हा माझा थाट काही विचारू नका! टीममध्ये कुणी नवे आले की बाई म्हणायच्या, "आधी हिला वाच, मग मला विचार."

बाई निवृत्त झाल्या आणि माझे दिवस फिरले. प्रोग्राम बदलत गेला, पण माझ्यातले एक अक्षरही कुणी बदलले नाही. मी सांगितलेली बटणे केव्हाच गायब झाली होती. दोनदा फसल्यावर लोकांनी माझा नाद सोडला. मला फार वाईट वाटे, पण बोलणार कुणाला?

मग टीममध्ये एआय सहायक आला. नव्या प्रोग्रामर मुलीने त्याला सगळा कोड वाचायला दिला. जेवणाच्या सुट्टीआधी त्याने चाळीस पानांची माहिती लिहून हातात ठेवली. इतकी नीटनेटकी, की मला हेवाच वाटला. त्यात एक वाक्य होते, 'वीज परत आल्यावर तापमान योग्य दिसत असूनही भोंगा चार मिनिटे वाजत राहतो. हे अनावश्यक दिसते.'

त्या भोंग्याबद्दल रक्तपेढीतून येणाऱ्या तक्रारींनी टीमच्या साहेबांचे डोके उठले होते. ते मुलीला म्हणाले, "काढून टाक ती चार मिनिटं. आणि ती जुनी फाइलही उडव."

त्या चार मिनिटांचे कारण कोडमध्ये कुठेच नव्हते, ते फक्त माझ्या पोटात होते.

पण ती मुलगी काहीही उडवण्याआधी जुने आणि नवे शेजारी ठेवून ताडून बघते. तिने सहायकाला तेच करायला सांगितले. त्याने माझ्या बावीस चुका काढल्या. शेवटी मात्र त्याने लिहिले, 'एका ठिकाणी माझा अंदाज चुकला असावा. जुनी फाइल म्हणते की वीज आल्यावर सेन्सर चार मिनिटे आधीचाच आकडा दाखवतो. कोड वाचून मला हे कळू शकत नाही. प्रत्यक्ष पाहून खात्री करा.'

मुलगी तडक रक्तपेढीत गेली. तिथे काय झाले ते तिने परत येऊन माझ्यातच लिहिले, म्हणून मला ठाऊक. तिथल्या तंत्रज्ञ काकांनी एका रिकाम्या फ्रिजची वीज तासभर बंद ठेवली, दारही उघडे ठेवले. मग वीज सुरू केली. पडद्यावर चार अंश! काकांनी आत साधा थर्मामीटर धरला, तर अकरा.

"अरे बापरे!" काका म्हणाले. "आणि आम्ही या भोंग्याला शिव्या घालत होतो! हा गप्प बसला असता तर त्या चार मिनिटांत खराब रक्त चांगलं समजून दिलं असतं की गं!"

मी बचावले, आणि माझा थाटही परत आला. आता कोड बदलला की माझ्यातल्या कोणत्या ओळी शिळ्या झाल्या ते सहायक दाखवतो, नव्या सुचवतो. मुलगी त्या तपासते आणि 'हे असे का' ते स्वतः लिहिते.

परवा बराच वेळ वीज गेली होती. ती आल्यावर भोंगा वाजत राहिला, पाचव्या मिनिटाला खरा आकडा दिसला आणि काकांनी एका फ्रिजमधल्या सगळ्या पिशव्या बाजूला काढल्या. ज्यांना ते रक्त मिळाले असते त्यांना हे कधीच कळणार नाही. मला मुलीने लिहून ठेवल्यामुळे कळते, आणि माझी छाती अभिमानाने फुगते.

म्हणून एक मागणे आहे, मित्रांनो. काही बनवाल तेव्हा ते तसे का बनवले, हे दोन ओळींत लिहून ठेवा. त्या ओळींची अधूनमधून विचारपूस करा, चुकल्या असतील तर खुशाल दुरुस्त करा. एक दिवस कुणीतरी तुमचे काम पुसायला निघेल आणि तुम्ही तिथे नसाल. तेव्हा तुमच्या बाजूने बोलायला मी असेन.