रे कॉलेटची जागा

आश्लेषाचं मेडिसिन हुकलं म्हणून ती फुटबॉलवाल्यांचे पाय चेपते, असं तिच्या आईच्या डॉक्टर मैत्रिणी हळहळून सांगत. साउथहॅम्प्टनजवळच्या एका छोट्या क्लबात ती फिजिओ होती.

क्लबचा मॅनेजर रे कॉलेट. खेळायचा तेव्हा डिफेन्स, मिडफिल्ड, फॉरवर्ड, म्हणाल तिथे खेळला. गरज पडली तेव्हा गोलमध्येही. त्यामुळे स्वतःची अशी जागा त्याला कधी मिळालीच नाही. आता शिकवतानाही तो तोंडाने काही सांगत नसे. खेळाडूला बाजूला करून त्याच्या जागेवर स्वतः उभा राही. "असं." बस्स, एवढंच.

टीम जिंकू लागली. आणि लंगडूही लागली.

आधी लेफ्ट बॅक, मग स्ट्रायकर. स्कॅन स्वच्छ. पण ती चाल आश्लेषाला पाठ होती. रेचा डावा गुडघा तीच तर शेकायची. तो गुडघा मात्र झपाट्याने सुधारत होता.

उरला एकटा गोलकीपर. तिचा धाकटा भाऊ, नकुल. दोन वर्षं बेंच झिजवल्यावर आत्ता कुठे त्याला संधी मिळाली होती.

"नकुलचं मनगट मुरगळलंय," तिने रेला ठोकून दिलं. "महिनाभर रेस्ट."

रेचा चेहरा उजळला. "म्हणजे गोल रिकामा?"

त्याने स्वतःच ग्लव्ह्ज चढवले. प्रॅक्टिसमध्ये साठीच्या त्या माणसाने एकही बॉल आत जाऊ दिला नाही. बाहेर उभ्या नकुलला ते बघवेना.

"ताई, तू खोटं का बोलली? माझी जागा आहे ती!"

"सगळे लंगडतायत, दिसत नाही तुला?"

"पण खेळतायत ना! मी काय करू, परत बेंचवर बसू?"

"नकुल, आईची शप्पथ, जाऊ नकोस."

"मग आईला सांग. टेल हर की तूच मला बसवलं."

तो गेला.

रेने अगदी अदबीने ग्लव्ह्ज काढून त्याला दिले, क्षणभर पोस्टमध्ये उभा राहिला. "असं." नकुल तसा उभा राहिला. रे तिथून निघाला तो विशीतल्या पोरासारखा, ताठ, सरळ पावलं टाकत.

पहिलाच शॉट नकुलने असा काही अडवला की दहाच्या दहा जणांनी टाळी वाजवली. एकच टाळी, एकाच क्षणी.

सेशन संपल्यावर नकुल डावा पाय ओढत आला. इतकं खूश तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"दुखतंय?"

"छे!"

तिने त्याला टेबलावर बसवलं, गुडघा हातात घेतला. ओळखीचाच निघाला.